झाकण सैल ठेवावे

बरणीचे झाकण घट्ट लावायचे नाही, असे नातीने जाहीर केले तेव्हा आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. नीट ऐकू आले नाही की ते चष्मा पुसत.

“काय म्हणालीस?”

“झाकण सैल ठेवायचं. बाईंनी सांगितलंय.”

“सैल?”

“सैल.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम, आजोबा.”

ओट्यापाशी आजी लिंबे पिळत उभी होती. ती पाठमोरीच म्हणाली, “पोरी, जरा मोठ्यानं सांग. पंचेचाळीस वर्षं मी तेच सांगतेय. माझं नाही ऐकलं, तुझं तरी ऐकतील.”

आजोबा नळाची कामे करणारे मिस्त्री होते. चव्वेचाळीस वर्षे त्यांनी गावभर नळ बसवले, पाइप जोडले, टाक्या दुरुस्त केल्या. त्यांनी केलेला सांधा गळला असे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. गळती हा शब्द ते कुणाच्या आजारपणाबद्दल बोलावे तसा आवाज खाली घेऊन उच्चारत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी काम थांबवले आणि हत्यारांची पिशवी पलंगाखाली ठेवली. ते निवृत्त झाले, हात मात्र झाले नव्हते. जाता-येता जे सैल दिसेल ते त्यांचे हात आवळून टाकत. साखरेचा डबा, चहाची बरणी, तेलाची बाटली, दाराच्या कड्या. एकदा पाहुणे आले होते. ते न्हाणीघरातून बराच वेळ बाहेर येईनात. शेवटी आतून अजिजीचा आवाज आला, “अहो, हा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा असतो?” बाजू बरोबरच होती. जोर कमी पडत होता.

“साखरेचा डबा उघडायला मला माणूस लागतो,” आजी सांगत असे, “आणि तो माणूस डबा बंद करून फिरायला गेलेला असतो.”

नातीचे नाव शाळेच्या हजेरीत वेगळे होते. घरात तिला सगळे ‘अर्धी’ म्हणत. ती दूध अर्धे पीत असे. चित्र अर्धे रंगवून उठत असे. आजीने विणायला शिकवलेला गळपट्टा वीतभर होऊन थांबला होता आणि तो आता खिडकीची काच पुसायला वापरत. नव्या वर्षाची रोजनिशी चार तारखेला संपली होती. हे नाव तिच्या आईने एकदा थट्टेत ठेवले आणि ते चिकटले. हाक मारली की ती ओ देई. पण त्या नावावर तिला हसताना कुणी पाहिले नव्हते.

आता बाईंनी पाचवीच्या वर्गाला एक काम दिले होते. घरातल्या फळांच्या साली फेकायच्या नाहीत. तीन वाट्या साली, एक वाटी साखर आणि दहा वाट्या पाणी बरणीत घालायचे. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर जागा ठेवायची. नव्वद दिवसांनी गाळले की फरशी, मोरी, बेसिन धुवायचे पाणी तयार. हाताची आग नाही, नाकाला झोंबणे नाही. साली आंबताना वायू सुटतो. त्याला बाहेर जायला वाट ठेवायची, म्हणून झाकण सैल. वाट ठेवली नाही तर वायू आपली वाट आपणच करून घेतो. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या पाण्याने शाळेतले एकेक बेसिन घासून दाखवायचे.

“नव्वद दिवस?” आई ऑफिसची पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाली. “अगं, तुझं आजवर नव्वद मिनिटं काही टिकलंय का?”

अर्धीने वहीत पट्टीने नव्वद चौकोन आखले. ते आखायलाच तिला दोन दिवस लागले, आणि ते सगळे आखून झाले. ही गोष्ट फक्त आजोबांच्या लक्षात आली.

घरात मग आठ दिवस संत्र्यांचा आणि लिंबाच्या सरबताचा मारा झाला. आधी फळांच्या साली निघत; आता सालींसाठी फळे संपवावी लागत होती. नवव्या दिवशी प्लॅस्टिकची मोठी बरणी भरली आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात विराजमान झाली. अर्धीने पहिल्या चौकोनात लिहिले: ‘रंग पिवळा. वास चांगला. झाकण सैल.’

तो चौकोन लिहून ती शाळेत गेली आणि सव्वादहाला आजोबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. पाणी पिऊन परत जाताना बरणी वाटेत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हात तेवढा गेला आणि आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धीने झाकण फिरवले, तर ‘फुस्स’ असा आवाज झाला. ती आनंदाने ओरडली. “आई! वायू! वायू आला!” तिने दुसऱ्या चौकोनात लिहिले: ‘फुस्स झाले.’ झाकण सैल करून ती गेली. सव्वादहाला आजोबांना तहान लागली.

असे दहा दिवस चालले. सकाळी नात सैल करी, नंतर आजोबा आवळत, आणि रोजचा फुस्स आदल्या दिवसापेक्षा मोठा होत गेला. चौकोनांत ‘मोठे फुस्स’, ‘फार मोठे फुस्स’, ‘आजी दचकली’ अशा नोंदी पडल्या. बाईंनी ती वही वर्गात वाचून दाखवली. इतरांच्या बरण्या गप्प होत्या. “बघा,” बाई म्हणाल्या, “निरीक्षण असं करायचं असतं.” अर्धी त्या दिवशी घरी आली ती धावतच, आणि दूध पूर्ण प्यायली. आईने रिकामा पेला उलटा करून पाहिला.

बाराव्या दिवशी शाळेचे तीन दिवसांचे शिबिर होते. निघताना अर्धीने आजोबांना बरणीसमोर उभे केले.

“आजोबा, तीन दिवस ही तुमच्यावर. रोज सकाळी झाकण उघडायचं, सालींना काठीनं खाली दाबायचं, परत झाकण ठेवायचं. कसं?”

“सैल.”

“शपथ?”

“तुझ्या गळ्याची.”

आजी म्हणाली, “अगं, मला सांग की. यांच्या हातात झाकण देणं म्हणजे मांजराला दुधावर राखण ठेवणं.”

“नको आजी,” अर्धी म्हणाली. “आजोबांनी धरलेलं काम ते सोडत नाहीत. तूच म्हणतेस.”

हे वाक्य आजोबांच्या वर्मी बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सकाळी झाकण उघडले, साली दाबल्या, झाकण सैल ठेवले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून गच्चीवर जाऊन बसले. तहान लागली तरी खाली आले नाहीत. दुपारी आजीच पाण्याचा तांब्या घेऊन वर गेली. “उपास आहे का?” तिने विचारले. आजोबा म्हणाले, “दिलेला शब्द आहे.”

संध्याकाळी ते खाली उतरले आणि त्यांनी ते पाहिले. बरणीत फेस वर चढला होता, आणि सैल झाकणाखालून एक थेंब निघून बरणीच्या पोटावरून हळूहळू खाली येत होता. आजोबा थिजल्यासारखे उभे राहिले. तो थेंब फरशीवर पडला. त्याच्या मागून दुसरा निघाला.

सैल झाकण त्यांनी एक दिवस सोसले होते. पण त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या राखणीत असलेली वस्तू गळत होती. त्यांनी पलंगाखालची पिशवी ओढली. बरणीच्या तोंडाच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे तीन फेरे घातले, चौथा सावधगिरीचा घातला, झाकण बसवले आणि मोठा पाना लावून अर्धा फेरा अधिक दिला. सकाळी उघडायचेच आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. एका रात्रीने काय होते?

सकाळी झाकण उघडले नाही.

त्यांनी फडके धरून पाहिले, गरम पाणी ओतून पाहिले, पाना लावून पाहिला. पान्याने झाकणाच्या कडा सोलून निघाल्या. झाकण हलले नाही. आपण केलेला सांधा किती पक्का असतो हे आजोबांना आयुष्यात प्रथमच दुसऱ्या बाजूने कळत होते.

“काय करताय?” आजीने विचारले.

“उघडतोय.”

“आणि पाना कशाला?”

आजीने टेपचे टोक पाहिले आणि कपाळाला हात लावला. “शपथ घातली होती ना पोरीनं?”

“गळत होतं गं,” आजोबा आवाज खाली घेऊन म्हणाले.

दुपारपर्यंत बरणीला पोट आले. संध्याकाळी तिचा तळही फुगला, आणि ती बसल्या जागी डुलू लागली. ऑफिसमधून आलेली सून दारातच थांबली. “बाबा, ही हलतेय.”

“हलतेय थोडी.”

“बाबा, हिला आत्ताच्या आत्ता घराबाहेर न्या. लग्नातली काचेची भांडी आहेत माझी त्या फळीवर.”

आजोबांनी बरणी दोन्ही हातांनी तान्ह्या बाळासारखी उचलली, गॅलरीत नेली आणि तिच्यावर जाड गोधडी पांघरली. रात्रभर कुणी गॅलरीचे दार उघडले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोधडी उंच झालेली दिसली.

“भोक पाडा झाकणाला,” आजी दाराआडून म्हणाली.

“भोक? मी?”

“मग काय खालच्या शिंप्याला बोलावू?”

“चव्वेचाळीस वर्षं मी भोकं बुजवली. आता म्हातारपणी…”

“दुपारी पोर येईल, अहो. तिला काय सांगणार?”

आजोबांनी पिशवीतून हाताने फिरवायचे गिरमिट काढले, बरणीवरची गोधडी घेऊन तिची घडी स्वतःच्या छातीशी बांधली, डोळ्यांवर सुनेचा पोहायचा चष्मा चढवला आणि कामाला लागले. गिरमिट पाच फेरे फिरले. सहाव्या फेऱ्याला भोक पडले आणि बारीक शीळ वाजू लागली. आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. “बघितलंस? सुटतोय वायू. शांतपणे सुट—”

इथे संत्र्याची एक साल आतून येऊन त्या भोकाला चिकटली. शीळ थांबली. आजोबांनी वाकून पाहिले, आणि मग लगेच मागे सरकले, ही त्यांची आयुष्यभराची पुण्याई.

झाकण छताला लागून परत आले. त्याच्या पाठोपाठ साली, फेस आणि पाणी सगळीकडे गेले. गॅलरीचे छत, दोऱ्यांवरचे कपडे, कुंड्या, आजोबा. उरलेले कठड्यावरून खाली गेले. मग खालच्या मजल्यावरून शिंप्याचा आवाज आला. वीस वर्षांच्या शेजारात त्याने असे वाक्य कधी उच्चारले नव्हते.

“मिस्त्री! तुमच्याकडनं गळतंय!”

आजोबा कठड्याला धरून खाली बसले. त्यांच्या डाव्या कानावर लिंबाची अर्धी फोड होती. ती काढायचेही त्यांना सुचले नाही. त्याच वेळी दारात पाठीवर पिशवी घेऊन अर्धी येऊन उभी राहिली होती.

ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. तिने बरणीत वाकून पाहिले. मग पांढऱ्या टेपचे लोंबणारे टोक पाहिले. “अर्धीच उरली,” ती म्हणाली, आत गेली आणि तिने खोलीचे दार लावून घेतले. थोड्या वेळाने दाराखालून वही बाहेर आली. शिबिराचे तिन्ही चौकोन कोरे होते.

आजी आजोबांना बोलणार होती. तिची सगळी वाक्ये तयार होती. पण आजोबांचा चेहरा पाहून तिने ती गिळली आणि अंग पुसायला पंचा दिला. आजोबांनी गॅलरी धुतली, मग शिंप्याकडे जाऊन त्याची खिडकी धुतली, आणि शेवटी स्वयंपाकघरातले फडके पिळायला बेसिनपाशी आले. फडके हातातून निसटून खाली पडले. ते उचलायला वाकले आणि तिथेच बसून राहिले.

“कंबर धरली का?” आजीने विचारले.

आजोबा बेसिनखालच्या वाकड्या पाइपाकडे पाहत होते. असे पाइप त्यांनी हजारांनी बसवले होते. त्या वाकणात नेहमी थोडे पाणी अडून राहते. वरचे पाणी त्यातून खाली जाते. खालची घाण हवा मात्र वर येत नाही. पाणीच राखण करते. जाणाऱ्याला जाऊ देते, येणाऱ्याला अडवते.

“तुझ्या तांदळाच्या बरणीचं झाकण दे,” आजोबा म्हणाले.

“का? तेही उडवायचंय?”

“दे गं.”

तासाभराने त्यांनी खोलीच्या दारावर टकटक केली. दार उघडले नाही, तेव्हा ते बाहेरच जमिनीवर बसले आणि बरणी समोर ठेवली. झाकणाला मध्यभागी भोक होते, भोकातून एक बारीक नळी निघाली होती, आणि नळीचे दुसरे टोक पेलाभर पाण्यात बुडाले होते. झाकण घट्ट होते.

“चूक माझी,” आजोबा दाराला म्हणाले. “तुझी शपथ मोडली. रोज सव्वादहालाही मीच आवळत होतो. तुझे ते मोठे फुस्सही माझेच.”

दार थोडे उघडले. “सगळे?”

“सगळे.”

“बाईंनी वर्गात वाचून दाखवले ते?”

आजोबांनी मान खाली घातली. तेवढ्यात पेल्यातल्या पाण्यात एक बुडबुडा आला आणि फुटला. मग दुसरा. अर्धी गुडघ्यांवर बसली. बराच वेळ ती पेल्याकडे पाहत राहिली.

“हे काय होतंय?”

“वायू आतून बाहेर येतोय. बाहेरची हवा आत जात नाही. झाकणाला हातच लावायचा नाही, तुझा नाही आणि माझाही नाही.”

“म्हणजे हे गळतंय?”

“गळतंय,” आजोबा म्हणाले. आपल्या हातच्या कामाबद्दल हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला, आणि आवाज खाली घेतला नाही.

अर्धीने वही ओढली. शिबिराच्या तिन्ही चौकोनांत तिने काय घडले ते सगळे लिहिले. ते तेवढ्यात मावले नाही, म्हणून पाठच्या पानावर गेले. मग पंधरावा भरला, मग विसावा, मग साठावा. पुढे पुढे बुडबुडे कमी झाले, तसे ‘आज तीन’, ‘आज एक’, ‘आज नाही, वाट पाहिली’ असे ती लिहीत गेली. तिला हाक मारताना आई अलीकडे जराशी अडखळे आणि मग नुसतेच ‘अगं’ म्हणे.

नव्वदाव्या दिवशी बाईंनी आजोबांनाही शाळेत बोलावले. ती नळीची युक्ती त्यांनी चौथीच्या वर्गाला दाखवायची होती. चौथीने त्याच आठवड्यात बरण्या भरल्या होत्या, आणि त्या तीस बरण्या तीस सैल झाकणे घेऊन वर्गाच्या खिडकीत रांगेने उभ्या होत्या.

वाटेत नात आजोबांना म्हणाली, “तिथं एकाही झाकणाला हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“तुमची शपथ नको मला. नुसतं नाही म्हणा.”

“नाही.”

शाळेच्या आवारात बेसिनांची लांब रांग होती. वरचे नळ कित्येक वर्षे ठिबकत होते आणि प्रत्येकाखाली तपकिरी ओघळ पडला होता. पाचवीची मुले वर्गात पाणी गाळत होती, तेव्हा आजोबा तिथे एकटेच फेरी मारत होते. मग चौथीच्या वर्गात जाऊन बसले. मुले बाहेर आली. प्रत्येकाने आपल्या ओघळावर आपले पाणी ओतले, दहा मिनिटे थांबून घासले. अर्धीकडे सगळ्यांपेक्षा निम्मेच पाणी होते. ती निम्म्या पाण्यात दुप्पट घासत होती.

“आता धुवा,” बाई म्हणाल्या.

कुणाचाच नळ उघडेना. मुलांनी दोन हातांनी प्रयत्न केला, बाईंनी पदर खोचून केला, शिपाईकाकांनी पाय लावून केला. ठिबकणेही थांबले होते. अर्धी ब्रश टाकून चौथीच्या वर्गाकडे धावली.

आजोबा लहान बाकावर बसले होते. दोन्ही तळहात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते आणि कपाळावर घाम होता. “बघ,” ते म्हणाले, “अर्धा तास बसलोय. एकाही झाकणाला हात लावलेला नाही. मोजून घे.”

“आणि नळ?”

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिले. “नळांबद्दल तू काही बोलली नव्हतीस.”

नळ त्यांनीच उघडून दिले, दोन-दोन बोटांनी. पाणी आले. काही ओघळ गेले, काही पुसट झाले. अर्धीच्या बेसिनवरचा ओघळ वरपासून खालपर्यंत गेला होता. तेवढाच पांढरा पट्टा रांगेत उठून दिसत होता. तिने नव्वदावा चौकोन भरला आणि वही बाईंना दिली. बाईंनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, चौदाव्या दिवशी एकदा हसल्या, आणि शेवटी लाल शाईने ‘पूर्ण’ असे लिहिले. घरी जाईपर्यंत नातीने तीनदा वही उघडून तो शब्द वाचला.

पण निघण्यापूर्वी बाईंनी तिला एक मान दिला. तिच्या पाण्यातले उरलेले एका बाटलीत भरून शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवायचे ठरले. आता त्यात वायू उरला नव्हता. नातीने बाटली भरली, झाकण ठेवले आणि ती आजोबांपुढे धरली.

“आता आवळा.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. “किती?”

“तुम्हाला हवं तेवढं.”

ही गोष्ट होऊन बरीच वर्षे झाली. ती बाटली अजून त्या कपाटात आहे. तिच्यावर अर्धीचे पूर्ण नाव लिहिलेले आहे. मधल्या काळात तीन मुख्याध्यापक आले आणि गेले. आत काय आहे हे पाहण्याची तिघांनाही इच्छा होती. अजून कुणालाही ते पाहता आलेले नाही.